तोंडात गुळणी धरायला लावणारे सर

सरांना एकदा वर्ध्यात एटीएमसमोरून उचलून पोलीस ठाण्यात नेलं होतं. ही हकीकत सरांनीच आम्हाला वर्गाच्या पहिल्या दिवशी सांगितली, आणि तीही अशा थाटात, की एखाद्यानं आपल्या सत्काराची सांगावी. त्या दिवशी सर सकाळपासून एटीएमच्या काचेच्या दाराबाहेर स्टूल टाकून आत जाणाऱ्यांची बोटं बघत होते. कोण आधी काय दाबतं, कोण कार्ड उलटं घालतं, कोण मशीनकडं पाठ करून मागच्यालाच विचारतं, हे सगळं वहीत टिपत होते. दोन तासांनी तिथल्या गार्डचा धीर सुटला. ठाण्यात हवालदारानं वही उघडली, तर आत ना कुणाचा नंबर, ना कुणाचं नाव. ‘हिरवी साडी, कार्ड तीनदा उलटं. टोपीवाले आजोबा, मशीनला म्हणाले, थांब नं बाप्पा.’ अशा पानभर नोंदी. कलम कोणतं लावावं हे हवालदाराला कळेना. सरांनी संधी साधून त्यालाच विचारलं, “साहेब, तुमाले कंप्युटरवर तक्रार लिवाले किती वेळ लागते?” आणि तो बिचारा जो सुरू झाला तो तासभर थांबला नाही.

“त्या हवालदारासारखं खरं माह्याशी आजवर कोणी नाई बोललं,” सर सांगत. “वही वापस देताना म्हणे, पुन्हा येजा.”

अशा माणसाच्या हाती मी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी स्वतःला सोपवलं होतं.

आमचं हिंगणघाटला साड्यांचं दुकान. वडील गेल्यापासून गादीवर दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, आणि त्याच्या उजव्या हाताला मी. चौदा वर्षं मी साड्या उलगडल्या. बोलण्यात आपला हात कुणी धरणार नाही अशी माझी ख्याती होती. ‘नुसतं बघायला आलो’ म्हणणारी बाई माझ्यासमोरून दोन साड्या घेतल्याशिवाय उठत नसे. तर झालं असं की दुकानासाठी आम्ही बिलं करायचं एक नवं ॲप घेतलं, आणि ते दादासकट कुणालाच वापरता येईना. दुपारी गिऱ्हाईक नसताना मी साडीच्या रिकाम्या खोक्यांच्या पाठीवर त्याच्या पडद्यांची चित्रं काढू लागलो. हे बटण इथं हवं होतं, तो रकाना नकोच होता. खोकी संपली, माझं काढणं संपेना. मग कुणीतरी सांगितलं की या उद्योगाला यूएक्स डिझाइन म्हणतात. माणूस एखादं काम करताना कुठं अडतो ते बघायचं आणि त्याचं ते अडणं काढून टाकायचं, एवढाच त्याचा अर्थ. वर्ध्यात एक सर बारा आठवड्यांत ते शिकवतात, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, असंही कळलं.

दादानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “छत्तीस वर्षाचा घोडा झाला, आता बटनं शिकन!” बाजारात कुणी विचारलं तर तो मोठ्यानं सांगे, “बाबू वर्ध्याले जाते रोज. मोबाइलचं बटन कुठी ठेवाचं ते शिकून राह्यला.” ऐकणारे हसत, आणि दादा त्यांच्याहून जास्त हसे. मला मात्र त्यानं मुदत दिली होती. “बारा आठवडे घे. दिवाळीच्या गर्दीच्या आत काही जमलं तं ठीक. नाई तं गादीवर येऊन बसजो, आन् मंग हा विषय या घरात पुन्हा नाई निघाला पाह्यजे.” दादा एकदा बोलला की बोलला. मला दुकानाचा कंटाळा नव्हता, दादाचा तर मुळीच नव्हता. पण ते हसणारे चेहरे समोर ठेवून परत त्याच गादीवर बसायला मी तयार नव्हतो.

सरांचा वर्ग एका कृषी केंद्राच्या माडीवर होता. खाली खतं आणि फवारणीची औषधं, त्यामुळं वर्गात कायम एक उग्र वास. नवा विद्यार्थी नाक दाबू लागला की सर म्हणत, “चार दिवसांनी वास येणार नाई. तेच तं भेव आहे. आपल्याले सवय झाली की चूक दिसत नाई.” भिंतीवर जिथं देवाचा फोटो असायचा तिथं एका पाटीचा फोटो फ्रेम करून लावलेला होता. कुठल्याशा दवाखान्याच्या चौकशी खिडकीवरची पाटी: ‘येथे विचारू नये.’ तिला हार घातलेला असे, आणि दसऱ्याला सरांनी झेंडूचा नवा हार आणून तिची पूजासुद्धा केली. ज्या वस्तूवर समजावणारी चिठ्ठी चिकटवावी लागते ती वस्तू नापास, हा सरांचा सिद्धांत होता. रस्त्यानं चालता चालता ते अशा नापास वस्तू दाखवत जात, आणि दहा मिनिटांच्या वाटेला त्यांना तास लागे.

सर मूळचे नाचणगावचे. अठरा वर्षं पुण्याबंगलोरच्या मोठ्या कंपन्यांत काढून परत आलेले. का परत आले याबद्दल तीन मतं होती. कंपनीनं काढलं, हे खालच्या कृषी केंद्रवाल्यांचं. प्रेमभंग, हे आमच्या वर्गातल्या सिस्टरचं. सिस्टर म्हणजे एका दवाखान्यातली नोकरी सोडून आलेली परिचारिका, माझ्याच वयाची, आणि तिला सगळ्यांतच प्रेमभंग दिसे. तिसरं मत सरांचं. आम्ही एकदा धीर करून विचारलंच, तर म्हणाले, “तिकडं दारंबी आपोआप उघडते. माणूस कुठी अडूनच नाई राह्यला, तं मी पाहू काय?”

पहिले तीन आठवडे त्यांनी आम्हाला कंप्युटरला हात लावू दिला नाही. कागद, कात्री, डिंक. मोबाइलचा प्रत्येक पडदा कागदावर काढायचा, समोरच्यानं कागदावरच्या बटणावर बोट ठेवलं की आपण दुसरा कागद पुढं सरकवायचा. पस्तिशी उलटलेली आम्ही माणसं बालवाडीसारखी जमिनीवर बसून रंगीत कागद कापत होतो. घरी गेल्यावर दादा माझ्या बोटांवरचा डिंक बघे आणि वहिनीकडं बघून भुवई उडवे. सरांना विचारलं की कागदच का, तर ते म्हणत, “कागदावर चुकलं तं फाडता येते. कंप्युटरवर चुकलं तं माणूस सजवत बसते.”

आणि त्यांचा चहाचा नियम. आमच्याकडं कुणाच्या दारात उभं राहिलं की चहा येतोच, आणि नाही म्हणणं म्हणजे त्या घराचा अपमान. सरांनी तो प्यायची बंदी केली होती. लोकांना प्रश्न विचारून होईपर्यंत चहा घ्यायचाही नाही आणि पाजायचाही नाही. “चहा झाला की तू पाहुणा झाला. पाहुण्याले कोणी सांगते काय, का तुह्यं काम बेकार आहे म्हनून?” एकदा अल्लीपूरला एका घरी आम्ही चौघं होतो. त्या घरच्या आजीनं चहाचे कप आणून ठेवले आणि सर ते थंड होईपर्यंत तिला प्रश्न विचारत बसले. शेवटी आजीच उखडली. “चहा पेत नाई, नुसता विचारते! तुह्या मोबाइलातलं मले काहीच नाई समजलं, झालं समाधान?” सर आनंदानं उठले, आजीच्या पाया पडले आणि थंडगार चहा एका घोटात प्यायले. वाटेत आम्हाला म्हणाले, “पाहा, गरम चहावर हे वाक्य भेटलं नसतं.”

मला दिलेलं काम होतं दवाखान्यात नंबर लावायच्या ॲपचं. मी कागदी पडदे तयार करून वर्ध्याच्या बसस्टँडवर गेलो आणि दुपारपर्यंत सात जणांना दाखवून विजयी मुद्रेनं परत आलो. सातही जणांनी ‘लय छान’ म्हटलं होतं. सरांनी विचारलं, “तू त्याईले काय म्हटलं?” मी उत्साहानं सगळं पुन्हा करून दाखवलं. “या काकू, बसा. हे बघा, किती सोपं आहे. हे निळं बटण खास तुमच्यासाठीच. दाबा, दाबा, घाबरू नका. दाबलं ना? झालं की! आहे की नाही सोपं?”

सर शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, “एकच सांग. तू ॲप दाखवलं का शालू?”

वर्ग हसला. मीही हसलो, पण कान गरम झाले होते. चौदा वर्षं ज्या जिभेवर मी पोट भरलं तीच इथं आडवी आली होती, आणि मला ते कळलंसुद्धा नव्हतं. दुसऱ्या दिवशी सर स्वतः बसस्टँडवर माझ्याबरोबर आले. पाण्याची बाटली माझ्या हातात देऊन म्हणाले, “एक घोट घे. गिळजो नको, थुकजो नको. प्रश्न सिस्टर विचारन. तू फक्त पाह्यजो.”

आपल्याकडं गप्प बसणाऱ्याला ‘तोंडात गुळणी धरली का’ म्हणतात. सरांनी ती खरोखरच धरायला लावली. बसस्टँडवर गाल फुगवून बसलेला मी, शेजारी सिस्टर, आणि समोर गिरडच्या दर्ग्याला निघालेली एक बाई. तिनं माझ्याकडं एकवार काळजीनं बघितलं, दाढ दुखत असावी असं समजून तिनं विषय सोडून दिला आणि कागद हातात घेतला. पहिल्या पडद्यावर तिनं बोट ठेवलं आणि ते तिथंच राहिलं. माझं ‘तारीख निवडा’ समोर होतं, खाली महिनाभराचे सुबक चौकोन होते. बाई नुसती बघत होती. मला ओरडावंसं वाटत होतं, अहो, दाबा कुठलाही! पण तोंडात पाणी.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, “तारीख नाई माहीत मले. मले तं बाजाराच्या दुसऱ्या रोजी यावं लागते.”

मी चमकलो, आणि पाणी घशाखाली गेलं. लहानपणापासून मी बाजाराच्या दिवसावर आठवडा मोजत आलो होतो. आमच्या दुकानाचा धंदाही त्यावरच चालायचा. आणि ॲप काढताना मला त्यातलं काही म्हणजे काही सुचलं नव्हतं.

“गिळलं?” सरांनी मागून विचारलं आणि बाटली पुन्हा पुढं केली. त्या दिवशी मी अर्धी बाटली गुळण्यांत काढली आणि संध्याकाळी माझ्या वहीत एकोणीस चुका होत्या. बोलत असतो तर त्यातली एकही दिसली नसती. त्या परतीच्या बसमध्ये मी इतका खूश होतो की कंडक्टरनं कारण विचारलं. मला वाटलं, आता आपल्याला हे येतंय.

बारावा आठवडा दिवाळीच्या तोंडावर आला. शेवटच्या दिवशी नागपूरच्या एका कंपनीच्या मॅडम यायच्या होत्या. त्यांच्याकडं एक जागा होती, आणि माझ्या दृष्टीनं जगात तेवढी एकच होती. परीक्षा अशी की सर बाहेरून एक माणूस आणणार, आपलं तयार झालेलं ॲप त्याच्या हातात द्यायचं, काम सांगायचं आणि मॅडमसमोर गप्प बसायचं. एव्हाना गुळणीची गरज राहिली नव्हती, पण नियम तोच. तोंडातून शब्द गेला की परीक्षा फसली. माणूस कोण हे सर शेवटपर्यंत सांगत नसत.

माझं नाव पुकारलं गेलं, जिना वाजला आणि वर दादा आला.

पांढरा शर्ट, कपाळाला सकाळचा टिळा, आणि चेहऱ्यावर दुकानात सरकारी माणूस आल्यावर असतो तसा भाव. नंतर कळलं, सर आठवड्यापूर्वी एकटेच हिंगणघाटला गेले होते. दादाच्या समोर दीड तास साड्या बघत बसले, एकही घेतली नाही, आणि उठताना म्हणाले, “तुमचा भाऊ तीन महिने काय करून राह्यला ते पाह्याले या.” दीड तास साड्या बघून काही न घेणाऱ्या माणसाला दादा काय ऐकवतो हे मला माहीत आहे. अशा माणसाचं बोलावणं दादानं मानलं कसं, हे मला आजही कोडं आहे.

सरांनी त्याला काम सांगितलं, “आईचा गुडघा दुखते. तिचा उद्याचा नंबर लावा.” दादानं चष्मा लावला. पहिला पडदा झरझर गेला. वार निवडला, डॉक्टर निवडला. मी खूश. मग पडदा आला: ‘तुमचे नाव.’ दादानं स्वतःचं नाव लिहिलं. ‘तुमचे वय.’ स्वतःचं वय लिहिलं. शेवटी चिठ्ठी आली, आणि तिच्यावर गुडघेदुखीचा रुग्ण म्हणून दादा. तो थबकला. मागं जायला वाट नव्हती. त्यानं कोपऱ्यातली फुली दाबली, सगळं पुसलं गेलं. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा ‘तुमचे नाव’, आणि मोबाइल ज्याच्या हातात त्यानं लिहिलं आपलंच नाव. तिसऱ्या वेळी त्याच्या कपाळावर घाम आला.

मी बघत होतो आणि माझ्या लक्षात येत होतं. दादा आयुष्यात कधी स्वतःसाठी दवाखान्यात गेला नव्हता. आईला नेलं, वडिलांना नेलं, माझा टायफॉइड त्यानं काढला. आमच्या दुकानात नवरे बायकांसाठी घेतात, भाऊ बहिणींसाठी घेतात, आणि तिथं चौदा वर्षं बसून मी असं ॲप केलं होतं, की जणू प्रत्येक माणूस फक्त स्वतःपुरता जगतो.

दादानं फोन सतरंजीवर ठेवला. चष्मा काढला. मॅडमकडं, मग सरांकडं बघितलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, “मले नाई जमत हे. ॲप चांगलंच असन. माहीच चूक आहे.”

माझ्या दादाच्या तोंडून ‘माझी चूक’ हे शब्द मी तोवर कधीच ऐकले नव्हते. व्यापाऱ्याकडून फाटका माल आला तरी नाही, वडिलांशी भांडण झालं तरी नाही. आणि इथं परक्या बाईसमोर, माझी बाजू सांभाळायला, तो खोटं बोलत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नियम बियम कुठल्या कुठं गेला.

“नाही दादा,” मी म्हणालो. “तुझी नाही. चूक माझी आहे. मी तुला हे विचारायलाच हवं होतं की नंबर कोणासाठी लावायचा.”

“बोलला!” सर टाळी वाजवून म्हणाले. “नापास.”

दादा सरांकडं वळला. “नापास म्हंजे?”

“म्हंजे हे ॲप फेल. आन् नियम मोडला म्हनून हाबी फेल.”

“सुधराले किती दिवस लागते?”

“पंधरा.”

“पंधरा दिवस तं दिवाळीची गर्दी आहे,” दादा म्हणाला. वर्षाचा अर्धा धंदा त्या पंधरा दिवसांत होतो आणि दोन हातांनीसुद्धा तो आवरत नाही. मी मनातल्या मनात गादीवर जाऊन बसलो. मग दादा मला म्हणाला, “गर्दीचं मी पाहून घेतो. तू घे पंधरा दिवस. पण पुढच्या खेपेले मलेच बोलावजो. दुसऱ्या कोणाले नाई.” आणि मॅडमकडं वळून, साडीचा भाव सांगतो त्या ठाम आवाजात, “तुमीबी या जी तेव्हा.”

मॅडम हसल्या आणि हो म्हणाल्या. सरांचं आमच्याकडं लक्षच नव्हतं. ते दादाच्या तिन्ही खेपा वहीत उतरवून घेत होते आणि स्वतःशीच म्हणत होते, “काय माणूस आहे! काय चिडते!”

पंधरा दिवसांनी दादानं आईचा नंबर दोन मिनिटांच्या आत लावला आणि विचारलं, “हे पहिलेच काऊन नाई विचारलं?” मॅडमनी मला आधी तीन महिन्यांसाठी घेतलं, मग कायमचं. मी आता नागपूरला असतो. सरांचा वर्ग त्याच माडीवर चालू आहे, आणि महिन्यातून एकदा, दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी, दादा वर्ध्याला जातो. सरांनी त्याला पोरांच्या ॲपवर चिडायला बोलावलंय. जाताना तो इस्त्रीचा शर्ट घालतो असं वहिनी सांगते. आणि येताना बसमधून मला फोन करून कुणाचं काय चुकलं ते सगळं सांगतो.

परवा असाच फोन आला. “आज एक नवा होता. चाळिशीचा. समुद्रपूरकडं शाळेत मास्तर होता म्हणे, सोडून आला. लय बेकार बनवलं होतं बावा. तीनदा पहिल्यापासून कराले लावलं त्यानं मले. मंग बसला होता बिचारा तोंड पाडून.”

“मग?”

“मंग काय. मी म्हटलं त्याले, घाबरू नको. माहा भाऊ नागपूरले हेच काम करते. त्याचं पहिलं तं याच्याहून बेकार होतं.”

“सर चिडले असतील,” मी म्हणालो.

“चिडले नं. म्हणे, तुमी वापराले येता, तुमी नाई बोलाचं. मी म्हटलं, सर, ते समजते मले. पण त्याच्या संगं त्याचा मोठा भाऊ नव्हता आला.”